कथा, दृश्य आणि वक्तृत्व : विदर्भातील लोकप्रबोधनाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वक्तृत्व हा केवळ शब्दांचा व्यवहार आहे, ही समजूत रूढ करण्यात महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांचा वाटा मोठा आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत विषयमांडणी, भाषाशैली, उच्चार आणि हावभाव असे रकाने असतात. गोष्ट कशी सांगितली आणि श्रोत्यांना काय दाखवले, यासाठी रकाना नसतो. दुसऱ्या टोकाला, गेल्या काही दशकांत व्याख्यानकक्षात आलेल्या प्रक्षेपकाने दृश्याला इतके सोपे करून टाकले आहे की पडद्यावरची वाक्ये वाचून दाखवणे म्हणजेच दृश्यसाधनांचा वापर, असा समज पसरला आहे. दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. विदर्भाच्या भूमीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांचे बोलणे लाखो लोकांनी मनावर घेतले, त्यांनी कथा आणि दृश्य या दोहोंचा आधार घेतला होता. मात्र त्यांच्या दृश्याचे स्वरूप सजावटीचे नव्हते. बोलणाऱ्याच्या युक्तिवादाचा तो पुरावा होता.

या दृष्टीने १९५६ च्या अखेरचे सदुसष्ट दिवस विशेष अभ्यसनीय ठरतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना दिली; दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्यांचे मराठी भाषण झाले. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे येथे संत गाडगेबाबांचे अखेरचे म्हणून ओळखले जाणारे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि २० डिसेंबरला अमरावतीनजीक गाडगेबाबांनी देह ठेवला. लोकांशी बोलण्याच्या दोन अगदी भिन्न रीती या काळात आपापल्या टोकाला पोहोचलेल्या दिसतात.

पूर्वपीठिका

मराठी वक्तृत्वाचे मूळ सभागृहात नसून कीर्तनाच्या रंगणात आहे, हे सर्वमान्य आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग अशी विभागणी असते. पूर्वरंगात अभंग घेऊन सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातून उभा राहतो. वारकरी कीर्तनात स्वतंत्र आख्यान नसते, तेथे एकाच अभंगाच्या निरूपणात दृष्टान्त येत राहतात. दोन्ही प्रकारांत कीर्तनकार एकटाच सर्व पात्रे होतो. उपरणे डोक्यावर घेतले की सासू, कमरेला बांधले की शिपाई. अल्प साधनांनी मोठे चित्र उभे करण्याची ही शिस्त शतकानुशतकांची आहे. तिचा एक दोषही जुनाच आहे. उत्तररंग रंगला की पूर्वरंग विसरला जातो, आणि श्रोता आख्यान घेऊन घरी जातो पण सिद्धान्त देवळातच राहतो.

चित्राच्या आधाराने कथा सांगण्याची प्रथाही महाराष्ट्राला नवी नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ही त्या परंपरेची आजही जिवंत असलेली शाखा होय. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्याने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. एकेका आख्यानाची चित्रांची पोथी असते आणि गायनाच्या ओघात एकामागून एक चित्र श्रोत्यांसमोर येते. पुढे १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे जादूच्या कंदिलाने पडद्यावर टाकायची आणि त्यांना निवेदन व संवादांची जोड द्यायची, असा हा खेळ होता. भारतीय चित्रपटाच्या पूर्वेतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. मात्र वक्तृत्वाच्या दृष्टीने पाहता चित्रकथी काय आणि खरोलिका काय, दोहोंत चित्र हे कथेचे आहे, वक्त्याच्या मताचे नाही. श्रोत्याने काही करावे, काही सोडावे, अशी मागणी तेथे मुख्यतः होत नाही.

नागपूर : न बोलता केलेले भाषण

नागपूर शहराला मात्र मागणी करणाऱ्या दृश्याची ओळख पूर्वीपासून होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीची परंपरा १८८० च्या दशकापर्यंत मागे जाते. काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा भोसले घराण्यातील बाकाबाईंशी व त्यांच्या इंग्रजधार्जिण्या धोरणाशी जोडते. पिवळी मारबत तेली समाजाची मानली जाते. त्यांच्याबरोबर निघणारे बडगे हे त्या त्या वर्षीच्या सामाजिक-राजकीय दुखण्यावरचे भाष्य असते. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, परकीय शत्रू असे सारे विषय पुतळ्याच्या रूपाने रस्त्यावर येतात आणि गावाबाहेर नेऊन जाळले जातात. एका अर्थी हे सामूहिक भाषणच होय. त्याची मर्यादाही उघड आहे : पुतळा निषेध करू शकतो, कारण सांगू शकत नाही.

१९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह ही याच्या पुढची पायरी. सिव्हिल लाइन्सच्या हद्दीत राष्ट्रीय झेंडा घेऊन जाण्यास सरकारने मनाई केली आणि जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांच्या तुकड्या दररोज झेंडा घेऊन निघू लागल्या. बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले दीड हजारांवर सत्याग्रही तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्याची मिरवणूक त्या हद्दीतून गेली. येथे सभेतील भाषण गौण ठरले. कापडाचा एक तुकडा ठराविक रस्त्यावरून नेणे, एवढ्यात साऱ्या मागणीचा अर्थ सामावला होता आणि तो निरक्षर माणसालाही कळत होता. दृश्य आणि मागणी यांच्यात अंतर उरले नाही, हेच या सत्याग्रहाच्या परिणामकारकतेचे रहस्य म्हणावे लागेल.

गाडगेबाबा : खराटा आणि गाडगे

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी १९०५ मध्ये घर सोडले. पुढे अर्धशतक ते गावोगाव हिंडले. औपचारिक शिक्षण नाही, पोथी नाही, मठ नाही, शिष्य करण्यास ठाम नकार. तरीही त्यांच्या कीर्तनाला लोटणारा समुदाय तत्कालीन कोणत्याही राजकीय पुढाऱ्याला हेवा वाटावा असा होता. प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारख्या धारदार लेखकाला त्यांचे चरित्र लिहावेसे वाटले, आणि तरुण गो. नी. दांडेकर त्यांच्या सहवासात राहिले. शब्दावर प्रभुत्व असलेल्या या लेखकांना एका निरक्षर माणसाच्या बोलण्यात काय सापडले असावे, हा प्रश्न वक्तृत्वाच्या अभ्यासकाने टाळू नये.

उत्तराचा पहिला भाग त्यांच्या वेषात आहे. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. यातील प्रत्येक वस्तू समाजाने टाकून दिलेली आहे. गावात शिरल्यावर बाबा प्रथम काही बोलत नसत. गाव झाडू लागत. कोणी हसे, कोणी वेडा म्हणे, कोणी ओशाळून हाती झाडू घेई. रात्री कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांनी सकाळचे हे दृश्य पाहिलेले असे, आणि झाडला गेलेला कचरा त्यांचा स्वतःचाच असे. म्हणजे कीर्तनाचा पूर्वरंग दिवसा हातांनी झालेला असे आणि उत्तररंग तेवढा रात्री तोंडाने व्हायचा. नारदीय कीर्तनात सिद्धान्त विसरला जाण्याचा जो धोका वर सांगितला, तो येथे संभवत नव्हता. कारण सिद्धान्त ऐकवलेला नसून डोळ्यांसमोर घडलेला होता.

दुसरा भाग प्रश्नोत्तरांच्या रीतीत आहे. बाबांचे कीर्तन हे एकट्याचे बोलणे नसे. वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकायचा, समुदायाकडून उत्तर काढून घ्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचायचा आणि अशा चार-पाच पायऱ्यांनंतर श्रोत्याला त्याच्याच तोंडून त्याच्या रूढीविरुद्ध निकाल द्यायला लावायचा. नवसाचा बोकड, कर्ज काढून केलेले लग्न, दारू, अस्पृश्यता असे विषय. मध्ये ‘गोपाला’चा गजर होई. या गजरात श्रोत्याला श्वास मिळे आणि आपण काय कबूल केले याचा विचार करायला अवधीही मिळे. शहरी सभेतील वक्ता टाळ्यांसाठी थांबतो. बाबा गजरासाठी थांबत. दोन्ही विरामांचे प्रयोजन वेगळे आहे.

शिक्षणासंबंधीचा त्यांचा उपदेश सर्वश्रुत आहे. घरातले जेवणाचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असा त्याचा आशय. हे शब्दचित्र कोणत्याही गरीब घरात तत्काळ उमटण्याजोगे आहे. ताट सर्वांकडे होते आणि हातही सर्वांकडे होता. पण हेच वाक्य चांदीच्या ताटात जेवणाऱ्याने उच्चारले असते तर ते उद्धटपणाचे ठरले असते. बाबा स्वतः हातावर भाकरी घेऊन खात आणि गाडग्यातून पाणी पीत, हे श्रोत्यांनी पाहिलेले होते. वाक्यातले चित्र आणि समोरचे चित्र एकच असल्याने त्या वाक्याला अधिकार आला.

याच ठिकाणी वक्तृत्वशास्त्रातील एक जुना वाद आठवतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन आचार्य क्विंटिलियन याने श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रसंग उभा करण्याच्या शक्तीला वक्त्याचा मोठा गुण मानले आणि हत्येनंतर सीझरचे रक्ताळलेले वस्त्र लोकांसमोर आल्याने काय झाले, याचीही दखल घेतली. मात्र गुन्ह्याचे रंगवलेले चित्र न्यायालयात आणून टांगणाऱ्या वकिलांवर त्याने टीका केली. मुके चित्र आपल्यापेक्षा बरे बोलेल असे ज्याला वाटते, त्याच्या बोलण्यात कितीसा दम असणार, असा त्याचा रोख होता. वस्त्र हा घटनेचा अवशेष असतो, चित्र ही केवळ सजावट. खराटा आणि गाडगे या कसोटीवर पहिल्या वर्गात बसतात. प्रक्षेपकावरची बहुसंख्य चित्रे कोणत्या वर्गात बसतात, हे प्रत्येक अध्यापकाने स्वतः ठरवावे.

अमरावती जिल्ह्यातलेच दुसरे लोकवक्ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. १९०९ मध्ये यावली येथे जन्म, १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना, १९४२ च्या आंदोलनात कारावास. त्यांच्या हातातील खंजिरीने भजनाला भाषणाची गती दिली. सामुदायिक प्रार्थनेत शिस्तीने बसलेल्या रांगा हे त्यांचे दृश्य होते. जातीचा क्रम मोडून बसलेले गाव त्या रांगांत लोकांना दिसत असे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या खंजिरी भजनाचा वक्तृत्वाच्या अंगाने झालेला विचार मात्र त्या मानाने थोडाच आहे.

दीक्षाभूमी : श्रोताच दृश्य होतो

गाडगेबाबा आणि डॉ. आंबेडकर यांचा परस्परस्नेह ज्ञात आहे. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती, आणि वांद्र्याच्या कीर्तनात शिक्षणाची थोरवी सांगताना त्यांनी आंबेडकरांचाच दाखला दिला. तथापि दोघांचे बोलणे अगदी निराळे. बाबासाहेबांचा पिंड कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा. संविधान सभेतील त्यांची भाषणे पुरावा, वर्गीकरण आणि खंडन यांवर उभी आहेत. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, त्या वेळचे त्यांचे भाषणही राजकीय मांडणीचेच होते. म्हणूनच १९५६ मध्ये त्यांनी स्वीकारलेली रीत लक्षात भरते.

दीक्षा समारंभासाठी भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेने वामनराव गोडबोले यांच्या पुढाकाराने लसीकरण संस्थेजवळील सुमारे चौदा एकरांचे मैदान निश्चित केले. व्यासपीठावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती उभारली होती आणि बुद्धाची मूर्ती ठेवली होती. येणाऱ्यांनी शुभ्र वस्त्रे परिधान करावीत, अशी सूचना होती. उपस्थितीचे अंदाज भिन्न असले तरी ते साधारणपणे चार ते पाच लाखांच्या आसपास जातात. बाबासाहेबही शुभ्र वेषात आले. कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी व माईसाहेबांनी दीक्षा घेतली. त्यानंतर ज्यांना दीक्षा घ्यायची असेल त्यांनी उभे राहावे, असे त्यांनी सांगितले आणि सारे मैदान उभे राहिले. मग बावीस प्रतिज्ञांचे उच्चारण झाले.

येथे दृश्य कोणाचे होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. व्यासपीठावरील स्तूप आणि मूर्ती मागच्या माणसाला क्वचितच दिसली असेल. त्याला दिसला तो शेजारी उभा असलेला पांढऱ्या वस्त्रांतला माणूस, त्याच्या पलीकडचा आणखी एक, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेला शुभ्र समुदाय. ज्या समाजाला गावाच्या टोकाला, दृष्टीआड राहायला लावले होते, तो त्या दिवशी स्वतःला एकत्र पाहत होता. गाडगेबाबांच्या कीर्तनात दृश्य वक्त्याजवळ होते. दीक्षाभूमीवर ते श्रोत्यांनी स्वतः घडवले. वक्त्याचे काम त्यांना उभे राहा म्हणण्याएवढेच उरले.

भाषण झाले ते दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला. विचारी माणसांना हा क्रम उलटा वाटेल, आधी कारण सांगावे आणि मग कृती व्हावी, हे स्वतः वक्त्यानेच भाषणाच्या आरंभी मान्य केले. वक्तृत्वाच्या पाठ्यपुस्तकांत मन वळवणे आधी आणि आवाहन शेवटी येते. नागपुरात कृती आधी घडली. क्रम कोणत्याही कारणाने ठरला असो, त्यामुळे भाषणाचा सूर बदलला. आता कोणाला वळवायचे नव्हते. ज्यांनी पाऊल टाकले होते, त्यांना त्या पावलाचा अर्थ सांगायचा होता. ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापलेल्या या भाषणात कथांचे प्रमाण मोठे आहे, ते यामुळेच असावे.

पहिला प्रश्न त्यांनी नागपूरच का, हा घेतला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे हे ठिकाण म्हणून ते निवडले, हा तर्क त्यांनी फेटाळला आणि नाग लोकांची कथा सांगितली. आर्यांशी नागांचे वैर, त्यांचा छळ, अगस्ती मुनींनी वाचवलेला एक नाग, बौद्ध धर्माच्या प्रसारातील नागांचा वाटा, आणि या शहरातून वाहणारी नाग नदी. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यांच्या मूळ बौद्धत्वाविषयी जो सिद्धान्त मांडला होता, त्याच्याशी या निवेदनाचे नाते उघड आहे. ग्रंथात तो सिद्धान्त वादाचा विषय होता आणि इतिहासकारांत तो आजही वादाचा आहे. मैदानावर मात्र श्रोत्याच्या पायाखालची जमीन आणि त्याच्या शहराचे नावच साक्षीला उभे राहिले. ऐतिहासिक प्रामाण्य आणि वक्तृत्वातील परिणाम या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवून पाहिल्या पाहिजेत. त्यांची सरमिसळ केली की दोन्हींवर अन्याय होतो.

पुढची कथा मेलेल्या जनावरांची. ढोरे ओढण्याचे काम सोडल्याने कातडी-शिंगांचे वर्षाला पाचशे रुपये बुडतात, असा हिशेब टीकाकारांनी मांडला होता. त्यावर संगमनेरच्या सभेत आपण काय उत्तर दिले, ते बाबासाहेबांनी सांगितले. एवढा लाभ असेल तर तो तुम्हीच घ्यावा, वर पाचशे रुपये मी देईन, असा त्या उत्तराचा आशय. अर्थशास्त्राच्या पदवीधराने अर्थशास्त्राचाच आक्षेप गोष्टीने परतवला, आणि मैदान हसले असल्यास नवल नाही. परंतु विनोदाच्या पाठोपाठ त्यांनी लाभ आणि इज्जत यांतला फरक सांगितला, तो या गोष्टीचा खरा पूर्वरंग होय. कामाठीपुऱ्यातील स्त्रियांच्या खाण्यापिण्याची चैन आणि चटणी-भाकरीलाही महाग असलेल्या आपल्या घरच्या स्त्रियांची अब्रू, हा दाखला त्यांनी त्याच ओघात दिला. तो आजच्या वाचकाला कठोर वाटतो. त्यातील मापदंड स्त्रियांवरच लादला गेला आहे, हेही खरे. पण श्रोत्यांपैकी प्रत्येकाला तो मुद्दा कळला असणार, यात शंका नाही. नद्या आपापल्या प्रदेशात वेगळ्या असतात आणि सागराला मिळाल्यावर त्यांचे वेगळेपण उरत नाही, हा बौद्ध संघाचा जुना दृष्टान्तही त्यांनी वापरला. आदल्या दिवशी एकाच रंगाच्या वस्त्रांत उभ्या राहिलेल्या समुदायाला सागर म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

लेखी संहिता आणि हरवलेले दृश्य

या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यापुढे साधनांची अडचण आहे. वांद्र्याच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने गाडगेबाबांचा आवाज, त्यांचे प्रश्न आणि समुदायाचा होकार ऐकता येतो. खराटा मात्र ऐकू येत नाही. ध्वनिफितीवरून कीर्तन अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातील विनोद चटकन सापडतो, पण अधिकार कोठून येतो ते सापडत नाही. दीक्षाभूमीच्या भाषणाची संहिता अक्षरशः हजारो घरांत आहे, ती वर्षानुवर्षे छापली जाते. पण तिच्या आधीचा दिवस संहितेत नाही. वक्तृत्व शिकवताना महाविद्यालयांत भाषणांचे उतारे पाठ करवून घेतले जातात. त्या उताऱ्यांच्या भोवतीचे मैदान, वेष, क्रम आणि श्रोत्यांनी आधी काय पाहिले होते याची चौकशी त्याबरोबर होत नाही. पुढे प्राचार्य राम शेवाळकरांसारख्या वक्त्यांनी कोणत्याही दृश्यसाधनाशिवाय नागपूरच्या श्रोत्यांना तासन्‌तास खिळवले, हे उदाहरण काही अध्यापक याविरुद्ध देतात. परंतु त्या श्रोत्यांच्या स्मृतीत ज्ञानेश्वरी आणि महाभारत आधीच चित्ररूपाने वसलेले होते. वक्त्याला ती चित्रे जागी करायची होती, नवी आणायची नव्हती.

नागपूरच्या मैदानावरचे दृश्य तेवढे पूर्णपणे हरवले नाही. १९५६ मध्ये व्यासपीठावर सांचीची जी तात्पुरती प्रतिकृती उभारली होती, तिच्या जागेच्या परिसरात वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार सांचीवरूनच प्रेरणा घेतलेला भव्य स्तूप उभा राहिला. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परिसरातील स्तंभावर बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. दरवर्षी अशोक विजयादशमीला पांढऱ्या वस्त्रांतील समुदाय तेथे जमतो, आणि ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत अशा वृद्ध स्त्रिया त्या स्तंभासमोर उभ्या राहून नातवंडांकडून प्रतिज्ञा मोठ्याने वाचून घेतात.